नागपूर-विदर्भातल्या नद्यांवरून मालवाहतूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लायनीत 'नदीतून माल नेऊ' असं कोणी म्हटलं की लोक आधी हसतात. मग डिझेलचा भाव आठवतो आणि खुर्ची पुढे ओढून प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची आमच्या परीने दिलेली उत्तरं इथे आहेत. काही उत्तरं ऐकायला गोड नाहीत, पण भाड्याच्या धंद्यात गोड उत्तर देणारा माणूस नंतर फोन उचलत नाही.

नागपूरला बंदर होऊ शकतं का?

लोकांच्या डोक्यात जे बंदर असतं, तसलं नाही. आपल्याकडे 'ड्राय पोर्ट' म्हणतात ते म्हणजे अजनीचा कंटेनर डेपो, मिहानमधलं टर्मिनल, वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीचा प्रकल्प. तिथे कंटेनर रेल्वेने आणि ट्रकने येतो, कस्टम्सचं काम होतं आणि माल पुढे जातो. नदीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

नाग नदीतून?

नाही. पुढचा प्रश्न.

मग नेमक्या कोणत्या नद्यांची गोष्ट चालली आहे?

नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. वैनगंगा भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली करत खाली उतरते. पश्चिमेकडून वर्धा येते, तिला वढ्याजवळ पैनगंगा मिळते. वर्धा आणि वैनगंगा एक झाल्या की प्राणहिता, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे नकाशावर बोट फिरवलं तर कामठीचं पाणी थेट आंध्रच्या किनाऱ्यावर पोचतं. या विषयातली सगळी स्वप्नं या नकाशावरच्या बोटातून सुरू होतात.

2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले 111 जलमार्ग 'राष्ट्रीय' ठरवले. नागपूरचे खासदार नितीन गडकरी तेव्हा केंद्रात जहाजवाहतूक मंत्री होते. त्या यादीत आपल्या भागातले दोन आहेत: क्रमांक 78 हा पैनगंगा-वर्धा, 265 किलोमीटर, आणि क्रमांक 109 हा वैनगंगा-प्राणहिता, 166 किलोमीटर.

राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाला म्हणजे बोटी सुरू होणार ना?

जाहीर होणं म्हणजे त्या पट्ट्याचा नौकानयनापुरता ताबा केंद्राच्या भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे जाणं. हे प्राधिकरण 1986 साली स्थापन झालं, मुख्यालय नोएडाला. जाहीर केल्याने नदीत एक घागरसुद्धा पाणी वाढत नाही. 111 पैकी तीसेक जलमार्गच आज चालू म्हणून मोजले जातात आणि विदर्भातले हे दोन त्यात नाहीत.

चालू आहेत तिथली वाढ मात्र खरी आहे. 2013-14 मध्ये देशभरात राष्ट्रीय जलमार्गांवरून सुमारे 1.8 कोटी टन माल गेला होता. 2024-25 मध्ये तो 14.5 कोटी टनांवर गेला. हे आकडे सभेत कोणी तोंडावर फेकले तर एवढंच विचारा: यातला किती माल भरती-ओहोटीच्या पाण्यातून गेला? उत्तर येईल: मोठा हिस्सा.

महाराष्ट्रात हे कुठे चालतं?

रायगडात. अंबा नदीच्या खाडीतून धरमतरपर्यंत बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटी, येतात आणि डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि खनिज उतरवतात. अंबा ही तशी लहानच नदी. पण तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: भरतीचं पाणी दिवसातून दोनदा फुकट मिळतं, कारखाना धक्क्याला लागूनच आहे, आणि माल बारमाही एकाच जातीचा, ढिगाने येणारा आहे. आपल्याकडे यातली पहिली गोष्ट कधीच मिळणार नाही. दुसरी आणि तिसरी जुळवता येते का, एवढाच आपला प्रश्न आहे.

इंग्रजांच्या काळात इथला कापूस बोटीने समुद्राला जायचा म्हणतात. खरं का?

बेत खरा होता आणि कामही बरंच झालं होतं. नियमित धंदा मात्र कधी उभा राहिला नाही.

धवलेश्वरमचा बंधारा 1852 मध्ये पुरा झाल्यावर गोदावरीच्या मुखाकडे कालव्यांतून होड्यांची रहदारी वाढली. तो बंधारा बांधणारे आर्थर कॉटन यांचं म्हणणं होतं की हीच नदी वर प्राणहिता आणि वर्धेपर्यंत नौकांसाठी मोकळी केली, तर हिंगणघाटकडचा आणि वऱ्हाडचा कापूस पाण्याने काकीनाड्याला उतरेल. 1861 ला मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अप्पर गोदावरी नावाचा एक जिल्हाच तयार केला होता. त्याचं ठाणं सिरोंचा.

अडचण होती खडकांची. वाटेत तीन मोठे अडथळे: खाली दुम्मागुडेम, मधे इंचमपल्ली आणि वर प्राणहितेवर अहेरीकडचं देवलमरी. नदी तिथे खडकांच्या रांगांवरून फुटत उतरते. उपाय असा ठरला की बंधारा घालायचा, बाजूने कालवा खणायचा, त्यात लॉक बसवायचे. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि होडी वरच्या नाहीतर खालच्या पातळीवर बाहेर काढायची. दुम्मागुडेमचा बंधारा आजही आहे.

मग काहून बंद पडलं?

1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. कापूस पावसाळा संपल्यावर वेचला जातो आणि त्याचा हंगाम चढतो तसतसं नदीचं पाणी उतरत जातं. बोटीला पाणी असायचं तेव्हा कापूस शेतात, आणि कापूस गाठीत बांधून तयार व्हायचा तेव्हा नदीत रेती. रेल्वेला ही अडचण नव्हती. 1871 मध्ये सरकारने काम थांबवलं. पुढे वर्ध्याहून हिंगणघाट आणि वरोऱ्याकडे रेल्वेचा फाटा गेला तेव्हा विषयच संपला.

कोणी म्हणतं रेल्वेवाल्यांनी योजना मारली. मारली असेलही, पण माल आणि पाणी एका महिन्यात भेटत नव्हते, हे दुखणं रेल्वे आली नसती तरी राहिलंच असतं. आजच्या कुठल्याही योजनेला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमचा माल कोणत्या महिन्यात निघतो?

सागवानाची गोष्ट वेगळी. अहेरी-आलापल्लीच्या जंगलातलं लाकूड गोदावरीच्या पुरात तराफे बांधून राजमहेंद्रीकडे सोडलं जायचं. त्याला बोटही लागत नव्हती आणि परतीच्या भाड्याची चिंताही नव्हती.

लहान नदीत किती मोठी बोट चालते?

सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचा वर्ग एक. त्याला किमान 1.2 मीटर खोली आणि तळाशी 30 मीटर रुंदी लागते, आणि त्यात साधारण 100 टनी बोट धरली आहे. वर्ग दोनला 1.4 मीटर आणि 300 टन, वर्ग तीनला 1.7 मीटर आणि 500 टन. गंगेवर हल्दिया ते वाराणसी मार्गासाठी तीन मीटरपासून 2.2 मीटरपर्यंत खोली राखायचं ठरलं आहे आणि तेवढ्यासाठी जागतिक बँकेचं कर्ज घ्यावं लागलं.

आपण वर्ग एकच्या पुढे विचार करू नये. 100 टन म्हणजे भरलेले चार-पाच मोठे ट्रक. हे थोडं नाही. आणि 1.2 मीटर ही खोली सरासरी नसते. वाटेतल्या सगळ्यात उथळ जागी ती मिळाली पाहिजे. चाळीस किलोमीटर लांबीचं खोल पाणी आणि मधे दोनशे फूट खडक असला, तर तो जलमार्ग त्या दोनशे फुटांवरच अडला समजा.

पाण्याने माल स्वस्त पडतो हे तरी खरं ना?

डिझेलपुरतं खरं. जलमार्ग प्राधिकरणाच्या कागदांत कायम दिसणारा हिशोब असा: एक लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने 24 किलोमीटर, रेल्वेने 85 आणि पाण्याने 105 किलोमीटर जातो. रेल्वे आणि पाण्यातलं अंतर बघा, फार नाही. म्हणून जिथे रेल्वेचा सायडिंग, म्हणजे माल चढवा-उतरवायचा बाजूचा रूळ, आहे तिथे बोटीने स्पर्धा करू नये. बोटीची लढाई ट्रकशी आहे.

आता उदाहरणापुरतं मांडू. 100 टन धान, 40 किलोमीटर. ट्रकने सुमारे 167 लिटर, बोटीने 38. वाचले 129 लिटर. डिझेल ढोबळ 90 रुपये धरलं तर 11,600 रुपये सुटले. इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात.

पण ट्रक शेताच्या धुऱ्यावरून निघून थेट मिलच्या दारात जातो. बोट घाटापासून घाटापर्यंतच जाते. म्हणजे माल एकदा ट्रॅक्टरमधून बोटीत आणि एकदा बोटीतून ट्रकमध्ये, अशी दोनदा जादा हाताळणी. 100 टनांचे 200 टन झाले. 11,600 ला 200 ने भागा: 58 रुपये. चढवा-उतरवायला टनामागे 58 रुपयांच्या वर एक रुपया जरी लागला तरी वाचलेलं डिझेल हमालीत गेलं. घाटापर्यंतच्या ट्रॅक्टरचं भाडं तर यात धरलेलंच नाही.

40 किलोचा कट्टा, म्हणजे पोतं, धरला तर 100 टन म्हणजे 2,500 कट्टे. ट्रक असतो सपाट जमिनीवर, फाळका पाडला की हमालाच्या खांद्याच्या उंचीला. बोट असते पाण्यात. जानेवारीत जलाशय उतरायला लागला की पाण्याची कड आणि पक्का रस्ता यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा पडतो. वरून वाळलेला, आतून लोण्यासारखा. त्यावर फळ्या टाकायच्या, फळीवरून कट्टा पाठीवर घेऊन उतरायचं, डगमगत्या कठड्यावर पाय ठेवायचा, आत थप्पी लावायची. आणि पलीकडे हेच उलट, चढणीवर. नागपूरच्या कळमना बाजारात ज्याने हमालाला दिवसभर पाहिलंय तो या कामाचा कपाळावर लिहिलेला दर वाचू शकतो. तो 58 रुपये नाही.

त्यामुळे हा सगळा धंदा नदीपेक्षा धक्क्यावर ठरतो. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का, एक साधा पट्टा म्हणजे कन्व्हेयर, आणि कट्ट्यांऐवजी मोकळा किंवा टनाटनाच्या मोठ्या पिशव्यांत भरलेला माल. एवढं असेल तर हिशोब बसू शकतो. नुसती बोट विकत घेऊन उद्घाटनाचा नारळ फोडला तर बसत नाही.

रिटर्न लोडचं काय?

ट्रकवाल्याला हा प्रश्न सांगावा लागत नाही. जाताना भरलेली आणि येताना रिकामी बोट दुप्पट महाग. ट्रकला परतीचं भाडं कुठेही शोधता येतं: उमरेडला नाही मिळालं तर बुटीबोरीत मिळेल, तिथे नाही तर हिंगण्यात. बोटीला तिच्या दोन घाटांच्या मध्येच शोधावं लागतं. म्हणून एका मालावर जलमार्ग कधीच आखू नये. जाताना धान असेल तर येताना खत, सिमेंट, राखेच्या विटा, काहीतरी हवंच.

विदर्भात मग कुठे जमण्यासारखं आहे?

आमच्या मते गोसीखुर्दच्या जलाशयात, आणि जवळपास फक्त तिथेच.

पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. पुढची रखडपट्टीची कथा विदर्भात कोणाला सांगायला नको. जलाशय भरला की पाणी आंभोऱ्याच्या मागे पसरतं आणि भंडारा शहरापर्यंत फुगवटा जाणवतो. धरणाने केलेली एक गोष्ट नौकेच्या फायद्याची आहे: जिथे नदी रेतीतून वाट शोधत वाहायची तिथे आता बऱ्यापैकी खोल, संथ, जवळपास प्रवाह नसलेलं पाणी आहे. लॉक नको, खडक फोडणं नको. दोन्ही काठांवर धानाचा मुलूख आणि राइस मिल. मौद्याला 2,320 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, म्हणजे राख हा दुसरा, बारमाही माल. राख बोटीने नेण्यात नवल काही नाही. कोलकात्याहून बांगलादेशच्या सिमेंट कारखान्यांना ती अशीच जाते.

आडवं जाण्याचा विचार मात्र सोडा. आंभोऱ्याला आता केबलवरचा मोठा पूल झाला आहे. पूल नव्हता तेव्हा तिथून डोंग्याने माणसं जायची. आता दोन मिनिटांत गाडी पलीकडे. जी काय संधी आहे ती जलाशयाच्या लांबीच्या दिशेने, जिथे रस्ता वळसा घालतो आणि पाणी सरळ जातं.

धरणाच्या खाली, गडचिरोलीकडे का नाही?

कारण धरणाखाली नदी पुन्हा नदी होते. पावसाळ्यात अंगावर येते, मार्चनंतर रेतीत हरवते. चामोर्शीकडे चिचडोह बॅरेज आहे, त्याच्या मागे पाणी थांबतं, पण तो एक तुकडा. तुकडे एकमेकांना जोडायचे तर प्रत्येक बंधाऱ्याला लॉक हवा आणि तो बंधारा बांधतानाच ठेवावा लागतो. नंतर फोडून बसवायचा तर खर्च ऐकून मंत्रीही गप्प होतात. पुढे प्राणहिता-गोदावरी संगमाखाली तेलंगणाचं मेडीगड्डा बॅरेज आहे. ते 2019 ला सुरू झालं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. सिरोंच्याच्या शेतकऱ्यांना त्या पाण्याबद्दल काय वाटतं ते तिथे जाऊन विचारा. त्या वाटेने काकीनाडा गाठण्याचा प्रश्न आज तरी येत नाही.

सूरजागडचं लोहखनिज नदीने नेलं तर ट्रकचा त्रास संपेल ना?

खाण एटापल्लीच्या डोंगरात आहे, नदीकाठी नाही. आधी ट्रकने नदीपर्यंत आणायचं आणि मग बोटीत घालायचं, तर ट्रक राहिलेच. त्या मालासाठी हेडरी ते कोनसरी सुमारे 85 किलोमीटरची स्लरी पाइपलाइन टाकली आहे: खनिजाची भुकटी पाण्यात कालवून नळाने पाठवायची. एकाच जागेहून एकाच जागी, वर्षभर, लाखो टन असेल तर नळ बोटीला हरवतो. हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

संत्री?

काटोल-वरुडची संत्री या नदीच्या वाटेवरच नाहीत. आणि ज्या मालाला उशीर सोसत नाही तो बोटीत घालू नये. बोट ताशी आठ-दहा किलोमीटरने जाते. धान, राख, विटा, बांबू, गिट्टी यांची कोणी वाट बघत नसतं.

पावसाळ्यात बोट चालेल का?

काही दिवस नाही. गोसीखुर्दला 33 दारं आहेत. ती उघडली की धरणाजवळच्या पाण्याला ओढ लागते. ऑगस्ट 2020 च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून सुटलेलं पाणी आणि इथला पाऊस एकत्र आला तेव्हा भंडाऱ्यात घरांच्या छतांपर्यंत पाणी होतं. अशा दिवशी बोट बांधून ठेवायला आडोशाची जागा हवी, आणि ती धक्क्याच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरलेली हवी. उन्हाळ्यात अडचण उलटी: सिंचनाला आणि वीज केंद्रांना पाणी जातं, पातळी उतरते, बुडालेली झाडांची खोडं वर येतात. जलाशयात जुन्या गावांची घरं, विहिरी, बाभळी सगळं खाली तसंच आहे. आधी ध्वनियंत्राने तळ मोजून वाट आखायची, दोन्ही बाजूंना तरंगत्या खुणा लावायच्या, आणि त्या वाटेबाहेर बोट न्यायची नाही.

धानाच्या बाबतीत मात्र निसर्ग या वेळी आपल्या बाजूने आहे. खरीप धान नोव्हेंबर-डिसेंबरात निघतं, आणि जलाशय तेव्हा भरलेला असतो. कापसाला जे जमलं नाही ते धानाला जमतं, कारण मधे धरण आलं.

वैनगंगा-नळगंगा कालवा होतोय. त्यातूनच बोटी नेल्या तर?

गोसीखुर्दहून बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपासचा हा जोडकालवा राज्याने 2024 मध्ये मंजूर केला. वाटेत नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला. नकाशा बघून कोणालाही मोह होईल. पण तो शेतीला आणि पिण्याला पाणी न्यायला आखला आहे. पाणी वर चढवायचे पंप, बोगदे, उतारावरचे धबधबे, कमी उंचीचे पूल, यांतून बोट जात नाही. गोदावरीच्या मुखाकडच्या जुन्या कालव्यांत सिंचन आणि होड्या दोन्ही चालायचं, कारण ते तसेच आखले होते, लॉकसकट. इथे हवं असेल तर आखणीतच मागायला हवं. आमचं मत: मागू नये. प्रत्येक लॉक उघडताना पाणी खाली जातं, आणि बुलढाण्याच्या शेतकऱ्याला ते पटवून द्यायला आम्ही जाणार नाही.

गाळ काढून नदी खोल करता येईल की.

येईल. आणि गाळाच्या नावाने रेती कोणाच्या डंपरमध्ये जाते हेही विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या योजनेत धक्क्यापेक्षा उपशाचा खर्च मोठा आहे, ती योजना जलवाहतुकीची आहे असं समजू नका.

ढिवर समाजाच्या मासेमारीचं काय होणार?

हा प्रश्न सभेत शेवटी येतो आणि तो पहिला असायला हवा. जलाशयात मासेमारी सहकारी संस्थांच्या ठेक्यावर चालते. जाळी संध्याकाळी लागतात, पहाटे निघतात. 100 टनी बोटीचा पंखा जाळ्यातून गेला तर एका घराचा महिनाभराचा खर्च गेला. आधी घरं धरणात गेलेली, मग मासेमारीवर आलेली माणसं आहेत ही. त्यांच्याकडून तिसऱ्यांदा काही काढून घेणं बसत नाही.

साधे नियम आधी लिहून ठरवता येतात: बोटीची ठरलेली वाट, ठरलेली वेळ, फक्त दिवसा, जाळं फाटलं तर भरपाई कोण, किती दिवसांत देणार. रात्री न चालवण्याला आणखी एक कारण आहे: जवळच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. आणि बोटीवर माणसं हवीतच, तर या पाण्याची रग ज्यांना कळते ते हेच लोक आहेत. तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, कोकणातून आणायची गरज नाही. सरकारी परवाना मात्र काढून द्यावा लागेल, आणि त्याच्या प्रशिक्षणाची फी कोण भरणार हेही त्याच कागदावर यायला हवं.

जलपर्णीत बोट अडकते म्हणतात.

अडकते. पंख्याला गुंडाळते, इंजिन तापतं. ती वाढते कशावर, तर नागपूरच्या सांडपाण्यावर. नाग नदी ते कन्हानमध्ये टाकते, कन्हान वैनगंगेत. म्हणजे जलवाहतुकीला नाग नदीचा उपयोग नसला तरी उपद्रव पूर्ण आहे. शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन सुटेपर्यंत जलपर्णी काढायचा खर्च दरसाल धरा.

परदेशात लहान कालव्यांत माल जातो तो कसा?

फ्रान्सने 1879 मध्ये कायदा करून कालव्यांच्या लॉकचं एक माप ठरवलं. 38.5 मीटर लांब, पाच मीटर रुंद अशा बोटी त्यातून जातात आणि तीनशे टनांच्या आसपास माल घेतात. ट्रक आल्यावर या लहान बोटी मागे पडल्या, शेकडो भंगारात गेल्या. जिथे धंदा परत उभा राहिला तिथे सुरुवात काठापासून झाली. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात 1998 पासून सरकार कारखान्यांसोबत मिळून कालव्याकाठी माल चढवा-उतरवायचे धक्के बांधतं. कारखाना ठरावीक टन माल पाण्याने न्यायची हमी देतो. हमी नाही तर धक्का नाही. आपल्याकडे उलट होतं: धक्का आधी, माल देवाच्या भरवशावर.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात तर पालिकेचीच विजेवरची बोट जुन्या कालव्यातून खानावळींना पेयं पोचवते, कारण तिथल्या जुन्या गल्ल्यांत ट्रक शिरत नाही.

लांब कशाला, केरळात या. कोचीजवळ उद्योगमंडल आणि चंपक्करा हे दोन छोटे कालवे, एक 23 आणि एक 14 किलोमीटर. खतकारखान्याचा कच्चा माल त्यांतून बार्जने जात आला आहे. कुट्टनाडात कापलेलं धान आजही होड्यांनी रस्त्यापर्यंत येतं. भंडाऱ्याच्या माणसाने गंगेपेक्षा कुट्टनाड बघून यावं.

सोलर बोट घेतली तर डिझेलच नको.

केरळातल्या वैकमला 2017 पासून 'आदित्य' ही सौर प्रवासी बोट चालते, आणि चांगली चालते. पण तिच्यात माणसं असतात, 100 टन धान नाही. संथ पाण्यात, कमी वेगाने, बॅटरीवर मालबोट जमू शकते. विदर्भात ऊनही कमी नाही. फक्त बॅटरीची किंमत डिझेलच्या बचतीतून किती ट्रिपांत निघेल, हे ट्रिपा ठरल्याशिवाय सांगता येत नाही.

सरकारकडून सबसिडी मिळते का?

डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने 'जलवाहक' योजना आणली. पाण्याने माल नेणाऱ्याला चालवण्याच्या खर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत परत मिळतात. पण ती गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या जलमार्गांसाठी आहे आणि अंतर 300 किलोमीटरच्या वर हवं. गोसीखुर्द त्यात कुठेच बसत नाही. जिल्हा नियोजनातून धक्क्यासाठी पैसे मागणं जास्त व्यवहाराचं.

बोटीची नोंदणी कुठे करायची?

इंजिन असलेल्या बोटीला आता 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू होतो. त्याने 1917 चा जुना कायदा रद्द केला. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, मुख्यालय मुंबईत. नोंदणी, तपासणी करून योग्यतेचा दाखला, चालकाचा परवाना आणि विमा, ही चार कागदं. बिनइंजिनाच्या डोंग्यांची नोंद स्थानिक पातळीवर करायची तरतूद याच कायद्यात आहे. शिवाय पाणी धरणाचं असल्यामुळे जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी.

जीएसटी आणि ई-वे बिल?

अंतर्देशीय जलमार्गाने माल नेण्याच्या सेवेला जीएसटी माफ आहे. ई-वे बिल मात्र चुकत नाही: ठरलेल्या रकमेवरचा, सूट नसलेला माल असेल तर रस्त्याला लागतं तसंच पाण्यालाही लागतं. पोर्टलवर वाहतुकीच्या प्रकारात रस्ता, रेल्वे, विमान यांच्याबरोबर जहाज हा पर्याय आहे, तो निवडायचा. घाटावर माल ट्रकमध्ये चढला की त्या ट्रकचा नंबर ई-वे बिलाच्या भाग 'ब' मध्ये भरायचा, नाहीतर पहिल्याच नाक्यावर गाडी बाजूला लागेल.